संसाराचा जमाखर्च : इस्पितळाच्या बिलांतील इंजेक्शनें

गृहस्थाच्या घरीं महिन्याच्या किराण्याचें बिल वाचल्यावांचून चुकतें होत नाहीं. दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, वर्तमानपत्राचे न आलेले अंक हें सारें दिनदर्शिकेच्या चौकटींत टिपलेलें असतें, आणि दहा रुपयांचा फरक निघाला तरी त्याचें कारण विचारलें जातें. परंतु याच घरचा कर्ता पुरुष इस्पितळाच्या खिडकीपाशीं उभा राहिला म्हणजे वीस-पंचवीस पानांचें बिल उलटून तळचा आंकडा तेवढा पाहतो आणि निमूटपणें सही करतो. अशा वेळीं बिल वाचणें त्याला कोतेपणाचें वाटतें. आपलें माणूस वांचलें, आतां पैशाचें काय, असें तो म्हणतो. ही भावना उदात्त आहे यांत शंका नाहीं. पण वर्षाच्या सर्व खर्चांतील सर्वांत मोठा आंकडा ज्या कागदावर असतो, तोच न वाचणें याला औदार्य म्हणतां येत नाहीं, असें आमचें मत आहे. तें केवळ पैशाकरितां नाहीं, हें पुढें दिसून येईलच.

इस्पितळाच्या बिलांत शेंकडों ओळी असतात. त्या सर्वांचा अर्थ एका लेखांत लावणें शक्य नाहीं. म्हणून आज आम्ही एकाच प्रकारच्या ओळी घेतों : शिरेंतून द्यावयाच्या प्रतिजैविक इंजेक्शनांच्या, म्हणजे ज्यांना आपण सारे अँटिबायॉटिक म्हणतों त्यांच्या. या ओळी निवडण्याचें कारण असें कीं त्या महाग असतात, रोज पुन्हां पुन्हां येतात आणि मुख्य म्हणजे त्या मोजतां येतात. डॉक्टरांच्या भेटीचें मूल्य किती असावें यावर वाद घालतां येईल. पण औषधाच्या कुप्या अठरा वापरल्या कीं एकवीस, या प्रश्नाला एकच उत्तर असतें.

मुंबईच्या जुन्या वस्तींतील कुटुंबांना इस्पितळ हें घराच्या वाटेवरचेंच ठिकाण आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ सालीं आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊं लागली. त्याच परिसरांत १९२६ सालीं केईएम आणि १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें. दादरला शुश्रूषा हें नागरिकांनीं सहकारी तत्त्वावर उभारलेलें रुग्णालय आहे, तर गिरगांवापासून ताडदेवापर्यंत खाजगी व धर्मादाय रुग्णालयांची रांगच आहे. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. तें सर्वसामान्यांच्या हातीं आलें दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्या देशांत तें मोठ्या प्रमाणावर तयार व्हावें म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. त्या पिढीला पेनिसिलिनचें एक इंजेक्शन हा चमत्कार वाटे. आजच्या पिढीला आजीच्या न्युमोनियामुळें किंवा आजोबांच्या मूत्रमार्गाच्या विकारामुळें सेफ्ट्रायॅक्सोन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, अमिकॅसिन हीं नांवें तोंडपाठ होतात. चमत्कार तोच आहे. फक्त आतां त्याचें बिल येतें.

आतां ही ओळ बिलांत कशी उमटते तें पाहूं. डॉक्टर रुग्णाच्या कागदावर औषधाचें नांव, मात्रा आणि दिवसांतून किती वेळां द्यावयाचें तें लिहितात. परिचारिका तेवढ्या कुप्यांची मागणी इस्पितळाच्या औषधदुकानाकडे पाठविते. दुकान कुप्या वॉर्डांत धाडतें, आणि त्याच क्षणीं त्यांची किंमत रुग्णाच्या खात्यावर चढते. त्यानंतर सिस्टर एकेक कुपी फोडून, पाण्यांत किंवा सलाईनमध्यें मिसळून इंजेक्शन देतात आणि रुग्णाच्या औषधतक्त्यावर वेळ लिहून सही करतात. म्हणजे एकाच इंजेक्शनाची नोंद दोन ठिकाणीं होते : एक दुकानाच्या हिशेबांत, दुसरी तक्त्यावर. बिल तयार होतें तें सामान्यतः पहिल्या नोंदीवरून. डॉक्टरांनीं मध्येंच औषध बदललें, रुग्णाला अतिदक्षता विभागांतून खोलींत हलविलें, किंवा सकाळींच घरीं सोडलें, तर कांहीं कुप्या न वापरतां कपाटांत राहतात. त्या दुकानाकडे परत गेल्या पाहिजेत आणि त्यांची रक्कम खात्यांतून वजा झाली पाहिजे. बहुतेक ठिकाणीं ती होते. पण धांवपळीच्या वॉर्डांत कधीं राहूनही जाते. त्यांत कोणाचा लबाडीचा हेतु असतोच असें नाहीं. पण कोणीं विचारलेंच नाहीं, तर ती राहिलेली रक्कम राहूनच जाते.

याची तपासणी करण्यास शाळेंतील गणितापलीकडे कांहीं लागत नाहीं. समजा, मेरोपेनेम एक ग्रॅम दर आठ तासांनीं द्यावयाचें ठरलें. पहिली मात्रा सोमवारीं रात्रीं दहा वाजतां दिली. मग वेळा झाल्या सकाळीं सहा, दुपारीं दोन आणि रात्रीं दहा. रुग्णाला रविवारीं दुपारची मात्रा देऊन घरीं सोडलें. सोमवारची एक, मंगळवार ते शनिवार रोज तीन मिळून पंधरा, आणि रविवारच्या दोन, एकूण अठरा. परंतु बिलांत "सात दिवस, रोज तीन" अशा एकवीस कुप्या दिसल्या, तर तीन कुप्यांचा खुलासा विचारणें हा आपला अधिकार आहे. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम बहुधा सहा किंवा आठ तासांनीं देतात, म्हणजे दिवसाच्या चार किंवा तीन कुप्या. सेफ्ट्रायॅक्सोन दिवसांतून एकदां किंवा दोनदां. मूत्रपिंडें दुबळीं असलेल्या रुग्णाला यांपैकीं कांहीं औषधें कमी प्रमाणांत किंवा अधिक अंतरानें देतात. म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या आंकड्याशीं आपला आंकडा ताडून पाहूं नये. आपल्या रुग्णाच्या तक्त्याशींच तो ताडावा.

मात्रेप्रमाणें कुपीचा आकारही पाहण्याजोगा असतो. दहा किलो वजनाच्या बालकाला सेफ्ट्रायॅक्सोनची मात्रा पांचशें मिलिग्रॅम ठरली आणि एक ग्रॅमची कुपी फोडली, तर निम्मी वाया जाते आणि पैसे मात्र पुऱ्या कुपीचे पडतात. हें औषध बाजारांत पांचशें व अडीचशें मिलिग्रॅमच्या कुप्यांतही मिळतें. "लहान कुपी मिळेल का?" एवढा एक प्रश्न आईनें विचारला, तर त्यांत कोणाचा अपमान नाहीं.

संख्येनंतर भावाचा प्रश्न. प्रत्येक कुपीवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिच्यावर एक पैसाही अधिक घेतां येत नाहीं, आणि तिच्यावर पुन्हां कर चढवितां येत नाहीं. जीं औषधें सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहेत, त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वयें ठरवितें. ज्या कंपन्यांचा त्या औषधाच्या बाजारांत एक टक्का वा अधिक वांटा असतो, त्यांच्या किंमतींची सरासरी काढून तींत दुकानदाराचे सोळा टक्के मिळवितात, अशी ती रीत आहे. यादीबाहेरील औषधाची किंमत कंपनीला स्वतः ठरवितां येते. मात्र ती एका वर्षांत दहा टक्क्यांहून अधिक वाढवितां येत नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें जी नवी यादी प्रसिद्ध झाली, तींत ३८४ औषधें आहेत, आणि मेरोपेनेम व सेफ्युरोक्झिम यांचा समावेश तींत नव्यानें झाला. प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या सोयीवर मोबाईलवरून औषधाचें नांव घालून किंमत पाहतां येते. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलाला हें काम पांच मिनिटांचें आहे.

येथें एक मेख मात्र आहे. छापील किंमतीहून अधिक कोणी घेत नाहीं, एवढ्यावर समाधान मानणें पुरेसें नाहीं. मोठें इस्पितळ कुप्या घाऊक घेतें, आणि त्याची खरेदी छापील किंमतीच्या पुष्कळच खालीं असूं शकते. २०१८ सालीं वरील प्राधिकरणानें दिल्ली व परिसरांतील चार खाजगी रुग्णालयांचीं बिलें तपासलीं, तेव्हां कांहीं वस्तूंवरील नफा १७३७ टक्क्यांपर्यंत पोहोंचल्याचें आढळलें. ही मर्यादा कायद्यानें ओलांडलेली नव्हती. छापील किंमतच फुगविलेली होती. एकाच द्रव्याच्या दोन कंपन्यांच्या कुप्यांत कित्येक पटींचा फरक असूं शकतो, आणि दोन्हींवर लावलेली किंमत कायदेशीरच असते. गिरगांवच्या माणसाला हें सांगावयास नको. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषधबाजारांत जाऊन आलेल्या कोणालाही तो फरक ठाऊक आहे.

मग बाहेरून औषध आणावें कीं काय? २०१८ सालीं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तींत औषध कोठून घ्यावें हें ठरविण्याचा रुग्णाचा हक्क मानला आहे, आणि तपशीलवार बिल मिळण्याचाही. ४ मार्च २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या विषयांतील अर्ज निकालांत काढतांना धोरण ठरविण्याचें काम राज्यांवर सोंपविलें. आणि त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें, आमच्याच दुकानांतून औषध घेणें सक्तीचें नाहीं, असा फलक इस्पितळांच्या औषधदुकानांत लावण्याची सूचना दिली. तथापि अतिदक्षता विभागांत बाहेरचें इंजेक्शन स्वीकारण्यास डॉक्टर कचरतात, आणि त्यांची भीति अगदींच खोटी नाहीं. खोटें औषध, उन्हांत राहिलेली कुपी, संपलेली मुदत यांची जबाबदारी कोणीं घ्यावयाची? म्हणून आमची सूचना अशी कीं बाहेरून आणण्याचा हट्ट धरण्याआधीं "याच औषधाची आवश्यक यादींतील किंमतीची, तुम्हांला विश्वासाची वाटणारी दुसरी कंपनी आपल्या दुकानांत आहे का?" असें विचारावें. बाहेरून आणलेंच, तर पक्कें बिल घ्यावें आणि त्यावर बॅच नंबर आहे हें पाहावें. मेरोपेनेम, सेफ्ट्रायॅक्सोन यांसारखीं औषधें एच-वन या अनुसूचींत येतात; २०१४ पासून केमिस्टला त्यांची विक्री वेगळ्या वहींत नोंदवावी लागते. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी न्यावीच लागते.

या इंजेक्शनांना हिशेबांत किती वेगळें स्थान आहे, याचा दाखला आपल्याच राज्यांत करोनाच्या सांथींत मिळाला. २१ मे २०२० च्या अधिसूचनेनें महाराष्ट्र सरकारनें खाजगी रुग्णालयांतील दिवसाचे दर बांधून दिले : सामान्य वॉर्डास ४००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागास ७५०० आणि व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. खाट, शुश्रूषा, जेवण, डॉक्टरांची भेट, नेहमींच्या तपासण्या हें सर्व त्यांत धरलें होतें. परंतु महागडीं औषधें त्यांतून वगळलीं होतीं, आणि त्या वगळलेल्यांच्या उदाहरणांत मेरोपेनेमचें नांव स्पष्ट लिहिलेलें होतें. तीं छापील किंमतीनें आकारावयाचीं होतीं. म्हणजे दर बांधलेल्या बिलांतही ही एक ओळ मोकळीच राहिली. मुंबई महानगरपालिकेनें त्या काळांत खाजगी रुग्णालयांत आपले लेखापरीक्षक बसवून बिलें तपासविलीं. सांथ ओसरली, ते लेखापरीक्षक आपापल्या कचेरींत परत गेले. आतां त्यांची जागा घरांतल्याच कोणीतरी घेतली पाहिजे.

ज्यांचा आरोग्यविमा आहे ते म्हणतील, आमचें बिल विमा कंपनी भरते, आम्ही कशाला मोजावें? याला दोन उत्तरें आहेत. एक तर विम्याची रक्कम वर्षाला ठरलेली असते. आजीच्या बिलांतील तीन फुकटच्या कुप्या उद्यां नातवाच्या अपघाताच्या वेळीं कमी पडतात. दुसरें असें कीं विमा कंपनी बिल वाचते तें संकेतांकांच्या भाषेंत. प्रत्येक रोगाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत एक अंक आहे : न्युमोनिया 'जे १८', रक्तांत पसरलेला जंतुसंसर्ग 'ए ४१', आणि कारण न कळलेला ताप 'आर ५०'. घरीं सोडतांना दिलेल्या डिस्चार्जच्या कागदावर नुसता ताप लिहिला असेल आणि बिलांत आठ दिवसांचें मेरोपेनेम असेल, तर कंपनीचा माणूस साहजिकच विचारतो, तापाला इतकें जहाल औषध कशास? उपचार योग्य असूनही, कागद अपुरा म्हणून दावा अडतो. म्हणून इस्पितळ सोडण्यापूर्वीं त्या कागदावर रोगाचें पूर्ण निदान, रक्ताच्या वा लघवीच्या कल्चरचा निकाल आणि प्रतिजैविक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दिलें, हें लिहिलें आहे याची खात्री करावी. खोलीचें भाडें विम्याच्या मर्यादेहून जास्त असल्यास कंपनी इतर खर्चांतही त्या प्रमाणांत कपात करते. पण औषधांच्या किंमतींत अशी कपात करूं नये, असें विमा नियामकानें २०२० सालींच सांगून ठेविलें आहे. डिस्चार्जची मागणी गेल्यावर तीन तासांच्या आंत कंपनीनें कॅशलेसचा अखेरचा निर्णय द्यावा, असा २०२४ चा नियम आहे. एवढ्या दोन गोष्टी माहीत असलेल्या माणसाशीं खिडकीवरचा कारकून निराळ्या स्वरांत बोलतो.

संकेतांकांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबई-नवी मुंबईंतील कित्येक सुशिक्षित तरुण-तरुणी आज अमेरिकेंतील रुग्णांचीं बिलें संकेतांकांत लिहिण्याची नोकरी करतात. यालाच मेडिकल कोडिंग म्हणतात. वाचकांच्या घरांतही एखादी भाची किंवा पुतण्या या कामावर असेल. तेथें बाह्यरुग्णाला दिलेल्या सेफ्ट्रायॅक्सोनचा अंक आहे 'जे ०६९६', आणि त्याचें माप आहे अडीचशें मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमची एक कुपी दिली, तर बिलांत एक नव्हे, चार लिहावे लागतात. मेरोपेनेमचा अंक 'जे २१८५', माप शंभर मिलिग्रॅम. एक ग्रॅमचे दहा. माप चुकलें कीं इस्पितळाला चौथा हिस्सा तरी मिळतो, नाहीं तर चौपट मागितल्याचा आरोप तरी येतो. एका रुग्णापुरत्या कुपींतून निम्मेंच औषध वापरलें, तर उरलेलें फेंकून दिल्याची वेगळी खूण करावी लागते. आणि कांहींच वाया गेलें नसेल, तर तसें सांगणारीही खूण २०२३ च्या जुलैपासून सक्तीची झाली. इंजेक्शन टोचण्याच्या कामाचा अंक आणखी निराळा. पंधरा मिनिटांच्या आंत दिलें तर एक, त्याहून अधिक वेळ सलाईनमधून सोडलें तर दुसरा. इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णाला मात्र तेथेंही बहुधा रोगाप्रमाणें ठोक रक्कम लागते. त्या देशांतील वैद्यक स्वस्त आहे असें कोणी म्हणणार नाहीं, आणि त्यांच्या अंकांच्या जंगलाचें कौतुकही आम्हांला नाहीं. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे : तेथें रुग्णाच्या शरीरांत किती गेलें आणि कचऱ्यांत किती गेलें, हें दोन्ही कागदावर यावें लागतें. आपली भाची रात्रभर बसून परक्या आजोबांच्या मिलिग्रॅमांचा हिशेब चोख ठेवते. आपल्या आजोबांच्या कुप्या मात्र घरांत कोणी मोजीत नाहीं, ही विसंगति दूर करण्याजोगी आहे.

औषधाच्या ओळीबरोबर तिचीं भावंडेंही येतात : सिरिंज, सुई, सलाईनची लहान बाटली, नळी, हातमोजे, इंजेक्शन देण्याचा आकार. अठरा मात्रांना अठरा सिरिंजा योग्यच आहेत. पण अठरा मात्रांना चाळीस सिरिंजा असल्या तर कारण विचारावें. हातमोजे, मुखपट्ट्या अशा कांहीं वस्तूंचे पैसे विमा कंपन्या देत नाहींत. ते घरचेच जातात, म्हणून त्यांकडे अधिक लक्ष हवें.

आतां पैशापलीकडचें कारण. जी वही बिल तपासण्याकरितां ठेवली, तीच वही रुग्णाचें रक्षण करते. एखादी मात्रा चुकली, दोनदां दिली गेली, किंवा ज्या औषधाची त्याला पूर्वीं बाधा झाली होती तेंच लिहिलें गेलें, तर तें वही ठेवणाऱ्याच्या आधीं ध्यानांत येतें. शिवाय हीं औषधें जितकीं अकारण वापरावीं तितके जंतु त्यांना निर्ढावतात. जागतिक आरोग्य संघटनेनें सेफ्ट्रायॅक्सोन व मेरोपेनेम हीं जपून वापरावयाच्या गटांत घातलीं आहेत. जंतु कोणता हें कल्चरमध्यें कळण्यास बहुधा दोन-तीन दिवस लागतात. तोंवर डॉक्टर मोठ्या आवांक्याचें औषध देतात, आणि तें योग्यच आहे. निकाल आल्यावर मात्र "आतां साधें औषध पुरेल का? गोळ्यांवर आणतां येईल का?" हे दोन प्रश्न विनयानें विचारावे. चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येत नाहीं. बहुधा त्यांच्याही मनांत तेच असतें. पण एक गोष्ट निक्षून सांगतों : खर्च वांचविण्याकरितां मात्रा टाळणें, दिवस कमी करणें किंवा आपल्या मनानें कंपनी बदलणें, हें कदापि करूं नये. मोजणें आपलें काम, ठरविणें डॉक्टरांचें.

इस्पितळांची बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. रात्रपाळीला एकेका परिचारिकेकडे किती खाटा असतात, हें ज्यानें पाहिलें आहे तो नोंदींतल्या चुकीला लगेच लबाडी म्हणणार नाहीं. पुष्कळ इस्पितळें खाटेचें भाडें आवांक्यांत ठेवून औषधांवरील नफ्यांतून इतर खर्च भागवितात. हा मार्ग आम्हांला पसंत नाहीं, कारण त्यानें जो अधिक आजारी तोच अधिक भरतो. पण तो दोष पद्धतीचा आहे, समोर उभ्या असलेल्या सिस्टरचा नाहीं. म्हणून विचारपूस सौम्य शब्दांत व्हावी.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण निराळीच असते. रुग्णाच्या उशाशीं बसते सून किंवा मुलगी. बिलावर सही करतात भाऊ किंवा काका. जिनें कुप्या फुटतांना पाहिल्या, तिला आंकडा विचारीत नाहींत. आणि ज्यांच्या हातीं पेन आहे, त्यांनीं कुपी पाहिलेली नसते. सूनबाईनें "भावोजी, इथें तीन जास्त दिसतात," असें म्हटलें कीं "आतां राहूं दे, लोक काय म्हणतील," असें उत्तर मिळतें. आमची सर्व वडीलधाऱ्या मंडळींस विनंती आहे कीं ही रीत बदलावी. घरांत एक माणूस नेमावें, शक्यतों उशाशीं बसणारेंच. त्याच्या हातीं एक साधी वही द्यावी. आणि त्या वहीशीं ताडून पाहिल्यावांचून बिलावर सही करूं नये. वहींत पांचच रकाने पुरे : तारीख, वेळ, औषधाचें नांव व मात्रा, कुप्यांची संख्या, छापील किंमत. "सिस्टर, आम्ही घरच्या वहींत टिपून ठेवतों, आतां कोणतें इंजेक्शन दिलेंत?" असें पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें म्हणजे पुढें कोणालाच त्याचें नवल वाटत नाहीं. बिलाचा उतारा शेवटच्या दिवशीं न मागतां दर दोन दिवसांनीं मागावा. तीन दिवसांपूर्वींची चूक लगेच सुधारते. तीन आठवड्यांपूर्वींची कोणालाच आठवत नाहीं.

इतकें करूनही मेळ न बसला, तर प्रथम बिलाच्या विभागांत, मग वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. त्याच्या २०२१ मध्यें सुधारलेल्या नियमांनीं रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागीं लावणें बंधनकारक केलें आहे. मुंबईंत या कायद्याची अंमलबजावणी महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे आहे. छापील किंमतीहून अधिक घेतल्यास वरील मूल्य प्राधिकरणाकडे किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करतां येते. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं येते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालींच ठरविलें आहे. पण अनेकदां इतक्या दूर जावें लागत नाहीं. वही उघडून दाखविली कीं खिडकीवरच मेळ बसतो.

आपल्या घरांत रुग्णाची सेवा म्हणजे पाय चेपणें, पेज करून नेणें, रात्रभर जागणें, अशी समजूत आहे, आणि ती योग्यच आहे. त्या सेवेंत आतां आणखी एका कामाची भर घालावी, एवढेंच आमचें सांगणें. बरा होऊन घरीं आलेला माणूस थोड्या दिवसांनीं हळूच विचारतो, "माझ्यापायीं किती खर्च झाला रे?" त्या वेळीं आंकडा लहान असो वा मोठा, "जेवढा लागला तेवढाच झाला," असें त्याला खऱ्या अर्थानें सांगतां यावें.